सागरी बलप्रयोगाचे नियम

नौदलाने किंवा तटरक्षक दलाने समुद्रात दुसऱ्या जहाजाविरुद्ध शस्त्र केव्हा आणि किती वापरावे, हे ठरवणारे आंतरराष्ट्रीय नियम. एका राष्ट्राने दुसऱ्यावर बळ वापरण्यास संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची मनाई आहे. सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाचा हक्क कलम ५१ ने राखून ठेवला आहे. युद्धकाळाचे नियम निराळे असून १९९४ च्या सान रेमो नियमपुस्तिकेत ते एकत्र केलेले आहेत.

खुल्या समुद्रात जहाजावर सत्ता चालते ती त्याच्या ध्वजराष्ट्राची. म्हणून परक्या व्यापारी जहाजावर चढून तपासणी करायची तर चाचेगिरी, गुलामांची वाहतूक, जहाजाला राष्ट्रीयत्वच नसणे अशा मोजक्याच कारणांचा सबळ संशय लागतो (१९८२ चा सागरी कायदा करार, कलम ११०). चाच्यांचे जहाज मात्र कोणत्याही राष्ट्राची युद्धनौका पकडू शकते. पकडताना बळ किती वापरावे, याविषयी करार फारसे बोलत नाही. ती उणीव निवाड्यांनी भरून काढली.

त्यांत 'सायगा' खटला सर्वांत महत्त्वाचा. मासेमारी नौकांना डिझेल पुरवणारे 'सायगा' हे टँकर जहाज १९९७ मध्ये गिनीच्या गस्ती नौकांनी अडवले. मालाने भरलेले, जेमतेम दहा नॉट वेगाचे हे जहाज सहज गाठता आले असते. तरी इशारा न देता त्यावर गोळीबार झाला, आणि शिपाई वर चढल्यावरही तो थांबला नाही. दोघे जखमी झाले. हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाने १९९९ मध्ये गिनीला दोषी ठरवले. आधी थांबण्याचे संकेत, मग नाळेपुढून इशाऱ्याचे गोळे, आणि सारे निष्फळ ठरल्यावरच बळ. तेव्हाही जीव धोक्यात येऊ नयेत याची शिकस्त, हा क्रम या निकालाने पक्का केला.

चाच्यांविरुद्ध हा संयम अधिकच मोलाचा, कारण त्यांच्या जहाजावर ओलीस असू शकतात. २००८ मध्ये एडनच्या आखातात गोळीबाराला उत्तर देताना 'आयएनएस तबर'ने बुडवलेली नौका चाच्यांनी पळवलेले थाई मासेमारी जहाज असल्याचे नंतर पुढे आले. त्यावरील बहुतेक ओलीस खलाशी दगावले किंवा बेपत्ता झाले. मार्च २०२४ मध्ये पळवून नेलेल्या 'रुएन' जहाजावरून चाच्यांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा 'आयएनएस कोलकाता'ने मोजका मारा करून त्याची सुकाणू यंत्रणा निकामी केली. सुमारे चाळीस तासांनी ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले. चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली करण्यात आले. भारतीय न्यायालयांत असे खटले चालवण्याची तरतूद २०२२ च्या चाचेगिरीविरोधी कायद्याने केली आहे.