टंगस्टनच्या भिंतीतील हेलियम : एक ऐतिहासिक आढावा

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा भूगर्भदृष्ट्या भंडारा-नागपूरशी आजही एकरूप आहे. या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या साकोली शैलसमूहातील आगरगाव (जि. नागपूर) येथील वुल्फ्रामची माहिती भूवैज्ञानिक फर्मोर यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. वुल्फ्राम हे टंगस्टनचे खनिज होय. त्या काळी टंगस्टनला मागणी होती ती प्रामुख्याने हत्यारांच्या पोलादासाठी. केंद्रकीय संमीलनाच्या भट्टीची भिंत म्हणून त्याची निवड फार पुढची, आणि ती कार्बनच्या अपयशातून झाली. इंग्लंडमधील ‘जेट’ यंत्रात १९९७ च्या प्रयोगांनंतर कार्बनच्या थरांत बराच ट्रिटियम अडकून राहिला. किरणोत्सर्गी व दुर्मीळ इंधन भिंतीनेच गिळावे, हे परवडणारे नव्हते.

३४२२ अंश सेल्सिअसला वितळणारा टंगस्टन ट्रिटियम कमी धरतो. परंतु त्याची अडचण हेलियम ही आहे. ड्यूटेरियम-ट्रिटियम संमीलनाची ‘राख’ म्हणजे हेलियम. तो टंगस्टनमध्ये जवळजवळ विरघळत नाही. आत शिरलेले अणू स्फटिकातील रिकाम्या जागा शोधतात आणि तेथे गोळा होऊन बुडबुडे बनतात. एकाच रिक्त जागेत अनेक हेलियम अणू सामावतात, हे कॅनडातील कॉर्नेलसन यांनी १९७२ मध्येच प्रयोगाने दाखविले होते. मात्र हे संशोधन पुष्कळ काळ पृष्ठविज्ञानाच्या अभ्यासकांपुरतेच राहिले असे म्हणावे लागते. २००६ मध्ये जपानमधील ताकामुरा व सहकाऱ्यांनी हेलियम प्लाझ्माच्या माऱ्याने तप्त टंगस्टनवर उगवणारी, नॅनोमीटर जाडीच्या तंतूंची काळी लव वर्णिली, तेव्हा भट्टीच्या अभियंत्यांना या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे कठीण झाले. अशी लव उष्णता नीट वाहून नेत नाही, आणि तिचे कण सुटून प्लाझ्मात गेल्यास तो थंडावतो.

तथापि हेलियम निव्वळ घातकच आहे असे नाही. पृष्ठभागालगतचे त्याचे बुडबुडे हायड्रोजनच्या समस्थानिकांना खोलवर जाण्यास अटकाव करतात, असेही प्रयोगांत आढळले आहे. ट्रिटियमच्या हिशेबात ही बाब लहान नव्हे.

फ्रान्समधील ‘इटर’ प्रकल्पात भारत डिसेंबर २००५ मध्ये सहभागी झाला. गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था त्यातील भारतीय कामाचे केंद्र आहे. त्या यंत्राच्या मुख्य भिंतीसाठी बेरिलियम ठरले होते. २०२३ मध्ये त्याऐवजी टंगस्टन लावण्याचा प्रस्ताव पुढे आला, आणि हेलियमचा प्रश्न तळाच्या डायव्हर्टरपुरता न राहता संपूर्ण भिंतीचा झाला.