दोन इंटरनेट कनेक्शन, एकच राउटर: खरेदीआधी हे समजून घ्या

ऑनलाइन परीक्षा किंवा नोकरीची मुलाखत सुरू असतानाच इंटरनेट बंद पडलं तर? या भीतीपोटी काही जण घरी दोन ब्रॉडबँड कनेक्शन घेतात. ती एकत्र चालवायला 'मल्टी-वॅन' राउटर लागतो. बाहेरून येणारी इंटरनेटची केबल जिथे जोडतात, तो वॅन पोर्ट. घरगुती राउटरला तो बहुधा एकच असतो.

वेग दुप्पट होतो का?

१०० एमबीपीएसची दोन कनेक्शन जोडली की २०० चा वेग मिळेल, हा समज अर्धाच खरा आहे. स्वस्त राउटर 'लोड बॅलन्सिंग' करतात, म्हणजे काम वाटून देतात. एकाचा व्हिडिओ कॉल पहिल्या लाइनवर, दुसऱ्याचा सिनेमा दुसऱ्या लाइनवर. एकच मोठी फाइल डाउनलोड करताना मात्र सहसा एकाच लाइनचा वेग मिळतो. दोन्ही लाइन खरोखर एक करायच्या तर 'बाँडिंग' हवं. त्यासाठी इंटरनेटच्या दुसऱ्या टोकाला सर्व्हर लागतो आणि खर्च वाढतो.

मग फायदा काय?

खरा फायदा 'फेलओव्हर'चा. एक लाइन बंद पडली की राउटर आपोआप दुसरीवर जातो. सुरू असलेला कॉल क्षणभर तुटू शकतो, पण केबल बदलायला धावावं लागत नाही.

स्वस्तातले पर्याय

टीपी-लिंक ईआर६०५ ला चारपर्यंत वॅन जोडता येतात. त्यात वायफाय नाही. पण घरातला जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून वापरता येतो. मायक्रोटिक हेक्समध्ये पाच पोर्ट असतात, मात्र सेटिंग शिकून घ्यावं लागतं. जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी चालत असेल, तर 'एमवॅन३' हे मोफत पॅकेज हेच काम करतं.

हे तपासा

• केबल जोडलेली असूनही इंटरनेट बंद असू शकतं. त्यामुळे 'ऑनलाइन डिटेक्शन'ची सोय हवी.
• बँकेची साइट वारंवार लॉगआउट करत असेल, तर तिच्यासाठी एकच लाइन ठरवून द्या.
• दोन्ही केबल एकाच खांबावरून येत असतील, तर खांब पडला की दोन्ही बंद. एक फायबर आणि एक ४जी किंवा ५जी, ही जोडी जास्त भरवशाची.
• वीज गेली तर राउटर आणि फायबरचा मोडेम दोन्ही बंद पडतात. दोघांनाही छोटा यूपीएस लावा.