काचबिंदूचे थेंब: विषारी बीपासून स्वस्त बाटलीपर्यंत

"डॉक्टर, हे थेंब रोजच्याऐवजी एक दिवसाआड टाकले तर चालतील का?"

मधुमेहासाठी माझ्याकडे येणाऱ्या एका सत्तरीच्या गृहस्थांनी मध्यंतरी जाता जाता हा प्रश्न विचारला. खोदून विचारल्यावर कळले, की दोन महिन्यांपासून ते तसेच करत होते. थेंब काचबिंदूचे होते. अडीच मिलिलीटरची इवलीशी बाटली, दर महिन्याला नवी आणि तीही जन्मभर. पेन्शनमध्ये ती बसेना, म्हणून त्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला होता.

काचबिंदूत डोळ्यातला दाब दृष्टीच्या नसेला हळूहळू निकामी करतो. बहुतेकांना काही दुखत नाही, म्हणून थेंब चुकले तरी फरक जाणवत नाही. मात्र गेलेली नजर परत येत नाही. थेंब चुकवून वाचवलेले पैसे फार महागात पडतात. थेंब न चुकवता पैसे वाचवायचे मार्ग मात्र आहेत. ते समजण्यासाठी या औषधांचा इतिहास थोडा पाहू या.

बी आणि पाने

आजच्या नायजेरियातील कॅलाबार भागात एक विषारी बी मिळते. तिथल्या एफिक लोकांत आरोपीला ती खायला देत. उलटी होऊन वाचला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार! ही बी एडिनबरोच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचली. १८६३ मध्ये आर्गाइल रॉबर्टसन यांनी तिचा अर्क डोळ्यात घातल्यावर बाहुली बारीक होते, हे दाखवून दिले. १८७६ मध्ये लुडविग लाक्वेर या नेत्रतज्ज्ञांनी त्यातले फायसोस्टिग्मिन काचबिंदूसाठी वापरले. त्यांना स्वतःलाही काचबिंदू होता.

त्याच सुमारास ब्राझीलच्या जाबोरांडी झुडपाच्या पानांतून पायलोकार्पिन मिळाले. पुढची जवळजवळ शंभर वर्षे तेच मुख्य औषध होते. पण ते दिवसातून तीन-चार वेळा टाकावे लागे, कपाळ दुखे, संध्याकाळी अंधुक दिसे. रुग्ण कंटाळून सोडून देत.

टिमोलॉल आणि लॅटानोप्रोस्ट

१९६० च्या दशकात हृदयविकारासाठी बीटा-ब्लॉकर औषधे आली. त्यांनी डोळ्यातला दाबही कमी होतो, असे लक्षात आले. त्यातून टिमोलॉलचे थेंब तयार झाले आणि १९७८ मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. डोकेदुखी नाही, अंधुकपणा नाही आणि दिवसातून एक-दोनदाच टाकायचे.

पुढचे पाऊल अनपेक्षित होते. प्रोस्टाग्लँडिनमुळे डोळ्यातला दाब वाढतो, असा तेव्हा समज होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील लाझ्लो बिटो आणि त्यांचे सहकारी कार्ल कॅम्रस यांनी सत्तरच्या दशकात प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले, की अगदी कमी मात्रेत ते दाब उतरवते. त्यावर पुढे काम होत १९९६ मध्ये लॅटानोप्रोस्ट बाजारात आले. रात्री फक्त एक थेंब! अमेरिकेत २०११ मध्ये पेटंट संपेपर्यंत मात्र स्वस्त पर्याय नव्हता. पेटंट संपले आणि जेनेरिक बाटल्या आल्या.

आपल्याकडे काय झाले?

भारतात १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून लागू झाला. त्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. २००५ मध्ये हा नियम बदलला, पण लॅटानोप्रोस्टसारख्या आधीच्या रेणूंना त्याचा फायदा झाला नाही. त्यामुळे अनेक भारतीय कंपन्यांनी ते बनवले. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या परिवारात १९९२ मध्ये ऑरोलॅब सुरू झाली. परवडणाऱ्या किमतीत डोळ्यात बसवायची लेन्स बनवणे हे तिचे पहिले काम, पुढे तिने थेंबही बनवले. २००८ पासून जनऔषधी दुकाने आली. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत लॅटानोप्रोस्टचाही समावेश झाला.

थोडक्यात, अमेरिकेत जुना थेंब महाग राहिला तो पेटंटमुळे. आपल्याकडे एकाच औषधाच्या दोन बाटल्यांच्या किमतींत फरक असतो, तो बहुधा ब्रँडमुळे. म्हणून बाटलीवरच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेले औषधाचे नाव आणि टक्केवारी वाचायला शिका.

एक इशारा

काही वर्षांपूर्वी दम्याच्या एक बाई धाप लागून माझ्याकडे आल्या. पंप घेऊनही आराम पडत नव्हता. शेजारणीचे "तेच काचबिंदूचे, पण स्वस्त" थेंब त्यांनी आठवडाभर टाकले होते. ते टिमोलॉल होते. डोळ्यातला थेंब नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो. दमा असलेल्यांची श्वासनलिका त्याने आवळली जाऊ शकते, नाडी मंदावू शकते. ब्रँड बदलणे वेगळे आणि औषध बदलणे वेगळे. औषध बदलायचे ते फक्त नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच.

पैसे कुठे वाचतात?

• नेत्रतज्ज्ञांना मोकळेपणाने सांगा, "हे मला परवडत नाही." यात लाज कसली? त्याच औषधाचा स्वस्त ब्रँड किंवा जनऔषधीतला पर्याय विचारा. ब्रँड बदलल्यावर दाब पुन्हा मोजून घ्या.

• एका वेळी एकच थेंब टाका. डोळ्यात साधारण ३० मायक्रोलीटर मावते आणि एक थेंबच बहुधा तेवढा किंवा त्याहून मोठा असतो. दुसरा गालावर ओघळतो.

• थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा दोन मिनिटे हलका दाबून धरा. औषध डोळ्यात टिकते, शरीरात कमी जाते. दोन वेगळ्या औषधांमध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्या.

• दोन बाटल्या लागत असतील तर दोन्ही औषधे एकत्र असलेली बाटली स्वस्त पडते का, ते विचारा.

• लेझरबद्दल विचारा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात, आधी एसएलटी लेझर केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांविना आटोक्यात होता. मात्र हा उपचार प्रत्येक प्रकारच्या काचबिंदूला चालत नाही.

• बाटली साठवण्याच्या सूचना पाळा आणि उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. मुदत संपलेले थेंब वापरणे ही बचत नव्हे.

त्या गृहस्थांना मी चिठ्ठी देऊन त्यांच्या नेत्रतज्ज्ञांकडे परत पाठवले. तेच औषध, दुसऱ्या कंपनीचे, जवळपास निम्म्या किमतीत मिळाले. आता ते रोज रात्री न चुकता थेंब टाकतात. मधल्या दोन महिन्यांत नसेला किती इजा झाली, ते पुढच्या तपासणीत कळेल. तो प्रश्न त्यांनी दोन महिने आधी विचारायला हवा होता. तुम्ही आजच विचारा.