नव्याण्णव वर्षांचे घर

जुन्या दानपत्रांत आणि इनामाच्या सनदांत 'आचंद्रार्क' हा शब्द वारंवार भेटतो. आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर ही भूमी तुझी व तुझ्या वंशजांची, असे दाता लिहून देत असे. दाते काळाआड गेले, राज्ये बदलली, पुढे इनामेही कायद्याने खालसा झाली. परंतु लिहून देताना तरी शेवटाचा विचार कोणाच्या मनात नव्हता. इंग्रजी अमदानीत मात्र जमिनीच्या दस्तांत शेवटाची तारीख आधीच घालण्याची रीत रुजली. त्या दस्ताला आपण भाडेपट्टा म्हणतो.

घरबांधणीच्या भाडेपट्ट्यात जमीन एकाची असते व तिच्यावरील घर दुसऱ्याचे. पट्टेदार आरंभी एकरकमी अधिमूल्य भरतो, दरसाल नाममात्र भुईभाडे देतो आणि मुदतभर मालकासारखा नांदतो. मुदत ६०, ७५, ९९, क्वचित ९९९ वर्षांची असते. ९९ वर्षांच्या दस्तावर सही करणाऱ्याला त्याचा शेवट पाहावा लागत नाही. तो पाहावा लागतो त्याच्या नातवाला किंवा पणतूला, ज्याने सही केलेली नसते आणि ज्याला दुसरे घर ठाऊक नसते.

आपल्याकडील १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा याविषयी स्पष्ट आहे. मुदत संपताच पट्टा आपोआप संपुष्टात येतो व पट्टेदाराने जमिनीचा ताबा मालकाकडे द्यावयाचा असतो. करारात अन्यथा ठरले नसेल, तर ताबा सोडण्यापूर्वी त्याने उभारलेले बांधकाम काढून नेण्याचा हक्क त्याला आहे. मालकाने मुदतीनंतरही भाडे स्वीकारले, तर राहते घर महिन्यामहिन्याच्या भाडेकरारावर चालू राहिल्यासारखे होते. कागदावर हे न्याय्य दिसते. पण तीन पिढ्यांचे घर विटा सुट्या करून कोण कोठे नेणार? आणि ज्या घरात आजोबांचा देह ठेवला गेला, ते महिन्यामहिन्याच्या मेहेरबानीवर कसे राहावे? प्रत्यक्षात काय घडते हे पाहावयाचे, तर इतिहासाकडेच वळावे लागते. त्यासाठी आशियातील दोन नगरे मी निवडली आहेत. दोन्हीकडे जमिनीची पद्धत इंग्रजांनी आणलेली. मुदतीअखेरचा निवाडा मात्र अगदी भिन्न.

पहिले नगर हाँगकाँग. १८४२ मध्ये हाँगकाँग बेट आणि १८६० मध्ये काउलूनचे टोक चीनने ब्रिटनला कायमचे दिले. ९ जून १८९८ रोजी झालेल्या करारान्वये त्यांच्या उत्तरेचा विस्तीर्ण मुलूख व आसपासची बेटे ब्रिटनने ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतली, तीही बिनभाड्याने. १ जुलै १८९८ पासून मुदत सुरू झाली. म्हणजे तेथे राज्यकर्तेच पट्टेदार होते, आणि त्या पट्टेदारांनी आपल्या प्रजेला पोटपट्टे दिले. हे पट्टे आधी ७५ वर्षांचे व पुढे तीन दिवस कमी २४ वर्षांचे होते. सरकारचा स्वतःचा पट्टा ३० जून १९९७ रोजी संपणार, म्हणून प्रजेचा २७ जून रोजी. जे आपलेच नाही ते दुसऱ्याला कसे द्यावे, या कायदेशीर सावधगिरीतून ते तीन दिवस आले होते. त्या शहरात जवळजवळ सर्वच जमीन पट्ट्याची आहे. अँग्लिकन पंथीयांच्या सेंट जॉन्स कथीड्रलची तेवढी पूर्ण मालकीची, असे सांगितले जाते.

अनेक दशके ही तारीख कोणाला बोचली नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती बोचू लागली, कारण पंधरा-वीस वर्षांच्या मुदतीचे गृहकर्ज देणाऱ्याला आता १९९७ दिसू लागले होते. मार्च १९७९ मध्ये गव्हर्नर मॅकलहोज बीजिंगला गेले, तेव्हा त्यांनी हा पट्ट्यांचा प्रश्न डेंग झियाओपिंग यांच्यापुढे काढला. गुंतवणूकदारांनी निश्चिंत राहावे, असे आश्वासन मिळाले. पट्ट्यांविषयी उत्तर मिळाले नाही. घरांच्या दस्तांचा प्रश्न विचारता विचारता अखेर साऱ्या शहराच्या भवितव्याचा प्रश्न उभा राहिला. १९८२ मध्ये मार्गारेट थॅचर बीजिंगला गेल्या आणि १९ डिसेंबर १९८४ रोजी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. १९९७ पूर्वी संपणारे पट्टे ३० जून २०४७ पर्यंत वाढवता येतील, नवे अधिमूल्य लागणार नाही, मात्र मालमत्तेच्या करपात्र वार्षिक मूल्याच्या ३ टक्के एवढे भाडे दरसाल द्यावे लागेल, असे त्याच्या परिशिष्टात ठरले. त्यातील एक तरतूद भूमिपुत्रांविषयी आहे. १८९८ मध्ये तेथील गावांत राहणाऱ्यांच्या पुरुषवंशातील वारसांकडे असलेल्या ग्रामीण मिळकतींचे जुने भाडे तसेच ठेवले गेले. पुढे २०२४ मध्ये तेथे नवा कायदा झाला आणि संपत आलेले पट्टे सरसकट आणखी ५० वर्षांनी वाढवण्याची पद्धत लागू झाली.

दुसरे नगर सिंगापूर. तेथे गृहनिर्माण मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली; १९६४ पासून सामान्य नागरिकाला ९९ वर्षांच्या पट्ट्याने सदनिका विकत घेता येऊ लागली; १९६६ च्या भूसंपादन कायद्याने जमीन मोठ्या प्रमाणावर सरकारच्या हाती आली. झोपड्यांतून राहणारे राष्ट्र एका पिढीत पक्क्या घरांत आले, हे या धोरणाचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु सदनिका घेणाऱ्यांपैकी कित्येकांची अशी समजूत होती की, इमारत जुनी झाली की सरकार ती ताब्यात घेऊन नवे घर देईलच. १९९५ पासून काही निवडक वसाहतींच्या बाबतीत तसे घडलेही होते.

या समजुतीला धक्का दिला गेलांग भागातील 'लोरोंग ३' या गल्लीने. तेथील १९१ खासगी बैठी घरे ६० वर्षांच्या पट्ट्याच्या जमिनीवर उभी होती. जून २०१७ मध्ये सरकारने जाहीर केले की, ३१ डिसेंबर २०२० रोजी मुदत संपताच जमीन परत घेतली जाईल, मुदतवाढ नाही आणि भरपाईही नाही. त्या वेळी केवळ ३३ घरांत मालक स्वतः राहत होते. उरलेली बहुतेक भाड्याने गेली होती. ठरल्या दिवशी मुदत संपली आणि जमीन सरकारजमा झाली. २०१८ मध्ये पंतप्रधान ली श्येन लूंग यांनी सत्तर वर्षांच्या आसपास पोचलेल्या सार्वजनिक वसाहतींसाठी, रहिवाशांच्या मतदानाने ठरणारी ऐच्छिक पुनर्विकास योजना जाहीर केली. ती गेलांगच्या रहिवाशांसाठी नव्हती.

सरकारची बाजू पोकळ नव्हती. किंमत ६० वर्षांची दिली, ६० वर्षे उपभोग झाला. लहानशा बेटावरील जमीन पुढच्या पिढीच्या घरांसाठी मोकळी व्हावयास नको काय? तरीही एक गोष्ट खटकते. पट्टा संपण्याच्या पुष्कळ आधी घर मरू लागते. उरलेली वर्षे कमी झाली की बँक कर्ज नाकारते, गिऱ्हाईक मिळत नाही, किंमत उतरते, छप्पर गळले तरी खर्च करवत नाही. ज्यांना शक्य ते निघून जातात. मागे राहतात ते वृद्ध आणि निर्धन. हाँगकाँगमध्ये सारे शहरच एका तारखेला बांधलेले होते, म्हणून दोन राष्ट्रांना वाट काढावी लागली. गेलांगमध्ये १९१ घरे होती. दोन्हीकडे दस्तातील तारीख तितकीच स्पष्ट होती. फरक पडला तो रहिवाशांच्या संख्येने आणि जमीनमालकाच्या गरजेने.

मुदतबंद जमिनीची कल्पना इंग्रजांहून फार जुनी आहे. बायबलमधील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात ती आढळते. पन्नासाव्या, म्हणजे योबेल वर्षापर्यंत जितकी पिके निघतील तितक्यांचीच किंमत घ्यावी, असा तेथे दंडक आहे. म्हणजे तीही एक प्रकारची पट्टेदारीच. तटबंदीच्या नगरातील घराला मात्र हा नियम नव्हता. ते वर्षभरात सोडवले नाही, तर विकत घेणाऱ्याचे कायमचे होई. पण शेतजमीन आणि खेड्यातील घर योबेल वर्षी परतत असे, आणि ते गरिबीमुळे ज्याला विकावे लागले त्याच्याच कुटुंबाकडे. भूमी परमेश्वराची, माणसे तिच्यावरील पाहुणे, ही त्यामागील भूमिका. आधुनिक पट्टा नेमका उलट्या दिशेने वाहतो. मुदत संपली की जमीन राहणाऱ्याकडून सुटते आणि देणाऱ्याकडे जाते. म्हणून मुदत असावी की नसावी, हा माझ्या मते खरा प्रश्न नव्हे. मुदतीनंतर जमीन कोणाच्या उपयोगाला येते, आणि निघणाऱ्याला डोक्यावर छप्पर उरते की नाही, हे विचारले पाहिजे.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तोही १८९८ मध्येच, हाँगकाँगच्या पट्ट्याच्या वर्षी. ट्रस्टने आखलेल्या वसाहतींतील भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांनी दिले, काही ९९९ वर्षांसाठी तर काही ९९ वर्षांसाठी. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. ९९ वर्षांच्या त्या दस्तांची मुदत चालू शतकात संपू लागली आहे. आपल्यापैकी कित्येकांचे आप्त मुंबईत अशा जमिनींवरील इमारतींत राहत असतील, आणि त्यांतील किती जणांनी मूळ दस्त वाचला असेल याची मला शंका आहे.

तो वाचावा, अशी माझी विनंती आहे. मुदत केव्हा संपते, नूतनीकरणाचा हक्क लिहिला आहे की नाही, बांधकामाविषयी काय ठरले आहे, हे दस्तातच असते. आणि जेथे नूतनीकरण देणारा मालक म्हणून आपल्याच समाजाची एखादी संस्था वा विश्वस्त मंडळ बसलेले असेल, तेथे विश्वस्तांनीही ते कलम वाचावे. त्या घरात आज कोण राहते, हे मात्र दस्तात लिहिलेले नसते. ते पाहण्यासाठी सही करण्यापूर्वी एकदा त्या घरी जाऊन यावे लागते.