ऑइल अडवलं म्हणजे ताकद वाढली?

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जुनी प्रीमियर पद्मिनी जिवापाड जपणाऱ्यांत एक समज पक्का बसला आहे. कडक ताणाच्या नव्या ऑइल रिंगा टाका, हौस असेल तर क्रँकखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उडतं ऑइल अडवणारा विंडेज ट्रे बसवा, पिकअप वाढलाच म्हणून समजा. माझ्या मते हे भाग ऑइल वाचवतात. ताकदीचं श्रेय त्यांना फुकट मिळतं.

पूर्वपक्ष पोकळ नाही, हे आधीच सांगतो. ऑइल पिस्टनच्या वर चढलं की प्लग काळे पडतात, हेडमध्ये कार्बन साचतो, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून त्याचा ऑक्टेन उतरतो. चढावर नॉकिंग सुरू होतं, मिस्त्री टायमिंग मागे घेतो आणि इंजिन मंदावतं. अशा वेळी ऑइल अडवलं तर गमावलेली ताकद परत येते. पण इंजिन मुळात ऑइल पीत नसेल, तर परत यायला गेलंय काय?

कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट 1100 आणि 1974 पासून पद्मिनी या नावानं निघालेल्या गाडीचं इंजिन 1089 सीसीचं. बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. स्फोटाचा दाब धरून ठेवतात त्या वरच्या कॉम्प्रेशन रिंगा. खालची ऑइल रिंग बोअरवरचं जादा ऑइल फक्त खरवडते. त्यासाठी तिचा ताण सहसा सगळ्यांत जास्त ठेवावा लागतो, म्हणून रिंगांच्या घर्षणातला मोठा वाटा तिचाच असतो. अलीकडचे कारखानदार मायलेजसाठी हाच ताण कमी करत आले आहेत, आणि आपण हौसेनं तो वाढवतो! वाढलेलं घर्षण त्या चाळिसांतूनच वजा होतं.

विंडेज ट्रेची कथा शर्यतींच्या मोटारींकडून आली. क्रँकशाफ्टला हवेशी आणि उडत्या ऑइलशी झुंजण्यात खर्ची पडणारी ताकद ढोबळमानानं फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला 7500 फेऱ्यांना जो तोटा होतो, तो 2500 फेऱ्यांना सत्ताविसाव्या हिश्शावर येतो. एस. व्ही. रोडच्या गर्दीत पद्मिनी याहून फारशी वर जातच नाही. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट पळत, तिथली गोष्ट निराळी. भरवेगात वळताना ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं, पंपाची जाळी उघडी पडते आणि बेअरिंगं कोरडी पडतात. तिथे चेंबरमधल्या आडव्या पट्ट्या हव्यातच. पण त्या इंजिन वाचवण्यासाठी असतात, वेग वाढवण्यासाठी नव्हेत. आणि ट्रेवर पैसे घालणारेच पुष्कळदा ‘इंजिन पितं, थोडं जास्त राहू दे’ म्हणत डिपस्टिकच्या खुणेच्या वर ऑइल भरतात. क्रँक त्यात बुडाला की ते घुसळून फेस होतो. तेवढं ऑइल काढून टाकायला दमडी लागत नाही.

धूर दिसला की रिंगांवर आळ घेणं हीसुद्धा घाईच. बोरघाट ॲक्सिलरेटर सोडून उतरल्यावर खोपोलीला पाय देताच निळ्या धुराचा लोट निघाला, तर संशय आधी व्हॉल्व्ह गाइडवर. चढावर जोर लावल्यावर सतत धूर येत असेल, तर रिंगांवर. कॉम्प्रेशन मोजून प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकावं आणि पुन्हा मोजावं. आकडा चांगलाच वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. जवळपास तोच राहिला तर व्हॉल्व्हकडे बघावं. घाटकोपरचं कुठलंही बरं गॅरेज ही तपासणी अर्ध्या तासात करून देईल.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘आमची गाडी रिंगांचं किट टाकल्यावर खरोखर पळायला लागली.’ पळाली असेल. पण त्याच कामात बोअरला होनिंग झालं, कॉम्प्रेशन रिंगा नव्या पडल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, कार्ब्युरेटर धुतला, पॉइंटचा गॅप आणि टायमिंग लावलं. ज्याला ऑइल रिंगेचाच गुण सिद्ध करायचा आहे, त्यानं ऑइल न पिणाऱ्या इंजिनात तेवढी एकच रिंग बदलावी, बाकी कशाला हात लावू नये आणि आधीचे-नंतरचे डायनोवरचे आकडे समोर ठेवावेत.