मामांचं लग्न, डिस्कोची कॅसेट आणि तीन वर्षांचा घोळ

संशोधनाला नुकतीच सुरुवात करणाऱ्या किंवा करायचा विचार असणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे. चूक साधीच होती. पण ती वेळेवर सापडली नसती तर माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण लंगडं झालं असतं.

माझा विषय तुम्हाला माहीत आहेच : १९८०च्या दशकातल्या घरगुती करमणुकीचा इतिहास. टेप, व्हीसीआर, रंगीत टीव्ही, आणि त्यांच्याभोवती जमणारी माणसं. मुलाखतींची सुरुवात मी घरापासूनच केली, चिपळूणच्या मामांपासून. मामा म्हणजे गाण्यांचे आणि सिनेमाचे भयंकर शौकीन. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "अगं, आमच्या लग्नात नाझिया हसनची कॅसेट लावली होती. डिस्को दीवाने! सगळी वाडी नाचली." मी आनंदाने लिहून घेतलं. कोकणातल्या एका वाडीत, लग्नाच्या मांडवात, पाकिस्तानी मुलीचं पॉप गाणं! प्रकरणाची सुरुवात यापेक्षा झकास काय असणार?

कच्चा मसुदा मार्गदर्शक मॅडमना दिला. परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने एकच ओळ होती : "लग्न कोणत्या साली?"

लग्न १९७८ सालचं. पत्रिका घरात आहे. 'कुर्बानी' हा सिनेमा आला १९८० साली. त्यात बिद्दूंच्या संगीतावर गायलेल्या गाण्याने नाझिया हसन आपल्याकडे घराघरात पोचली, तेव्हा ती जेमतेम पंधरा वर्षांची होती. 'डिस्को दीवाने' हा अल्बम त्यानंतरचा, १९८१चा. म्हणजे जी कॅसेट मामांच्या लग्नात वाजली, ती तेव्हा जगातच नव्हती!

मग मामा खोटं बोलले का?

तुमच्यापैकी बहुतेकांना इथे दोनच वाटा दिसतील : मुलाखत टाकून द्यायची, नाहीतर गुपचूप साल बदलायचं. मलाही त्याच दिसल्या होत्या. दोन्ही चुकीच्या.

मॅडमनी मला अलेस्सांद्रो पोर्तेली या इटालियन अभ्यासकाचा निबंध वाचायला दिला. तेर्नी या पोलादनगरीत लुइजी त्रास्तुल्ली नावाचा कामगार १९४९ साली पोलिसांच्या हातून मारला गेला. पण पुढे अनेक कामगारांनी त्याचा मृत्यू १९५३ सालच्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळचा म्हणून सांगितला. पोर्तेलींनी ही चूक दुरुस्त करून विषय संपवला नाही. लोकांना तो मृत्यू १९५३मध्ये का हवा होता, असा प्रश्न त्यांनी विचारला. आठवणीतली चूक हाही पुरावाच असतो, फक्त वेगळ्या गोष्टीचा.

मी पुन्हा चिपळूणला गेले. यावेळी मामींशी बोलायला. आधी मी त्यांची मुलाखत घेतलीच नव्हती, कारण "गाण्यांचं सगळं मामांना विचार" असं त्या स्वतःच म्हणाल्या होत्या आणि मी ते मान्य केलं होतं. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

मामी हसल्या. "लग्नात कसली कॅसेट? स्पीकरवाला रेकॉर्डी लावत होता. टेप आला तो माझ्या भावाने कुवेतहून आणला. थोरली तेव्हा बालवाडीत जात होती." थोरल्या ताईचा जन्म १९७९चा. बालवाडी म्हणजे १९८२-८३. झालं, साल सापडलं. हा धडा लिहून ठेवा : घरातल्या वस्तूचं साल माणसांना आठवत नाही, पण तेव्हा मूल केवढं होतं ते आठवतं. प्रश्न तसाच विचारा.

टेप आला म्हणजे काय झालं?

इथे जरा मागे जाऊ. फिलिप्सने कॉम्पॅक्ट कॅसेट आणली १९६३ साली. आपल्याकडे ती सामान्य घरात पोचायला दीड-दोन दशकं गेली. त्याआधी घरात गाणं म्हणजे मुख्यतः रेडिओ, आणि रेडिओवर काय लागेल हे दुसरं कुणीतरी ठरवणार. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७मध्ये विविध भारती सुरू झाली. तरीही हवं ते गाणं ऐकायचं तर फर्माईश पाठवायची आणि वाट बघत बसायचं. ग्रामोफोन होता, पण तो मोजक्या घरांत.

कॅसेटने हे उलटवलं. पीटर मॅन्युएल यांचं 'कॅसेट कल्चर' (१९९३) हे उत्तर भारतावरचं पुस्तक या विषयात वाचावंच लागतं. आखाती देशांतून परतणाऱ्या कामगारांनी टेपरेकॉर्डर गावोगावी कसे नेले, स्वस्त कॅसेटमुळे एका बड्या कंपनीची मक्तेदारी कशी मोडली आणि प्रादेशिक संगीताला बाजार कसा मिळाला, हे त्यांनी दाखवलं. रत्नागिरी जिल्ह्याला हे चित्र अगदी ओळखीचं वाटेल. आखातातून येणाऱ्या माणसाच्या सामानात टू-इन-वन नसेल तर लोक विचारत, "काय आणलंस मग?"

पण मॅन्युएल यांच्या पुस्तकाचा भर बाजारावर आहे. मला घराच्या आत जायचं होतं. तिथे कंपनीची कॅसेट कमी आणि 'भरून आणलेली' कॅसेट जास्त दिसते. दुकानात गाण्यांची यादी द्यायची, चार दिवसांनी कॅसेट न्यायची. कायद्याने हे बसत नव्हतंच, पण चालायचं सर्रास.

बिस्किटांचा डबा

मामांकडे अशा कॅसेटची दोन खोकी होती. २२ जुलै २०२१च्या महापुरात ती गेली. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा माणसं वर काढायची की कॅसेट? माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात अकरा कॅसेट वाचल्या, तेवढ्याच. चिपळुणात त्या दिवशी अशी किती घरांची किती कागदपत्रं, फोटो, कॅसेट चिखलात गेली, त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. आपण ज्याला 'साधनं' म्हणतो ती अशी असतात. ती तुमच्या सवडीची वाट बघत नाहीत.

त्या अकरांतली एक तीच होती : 'डिस्को दीवाने'ची. साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. आतल्या कार्डावर शाईने गाण्यांची यादी : नाझियाचं गाणं, 'कुर्बानी'तली दोन, एक नाट्यगीत, गीतरामायणातलं एक. दुकानाच्या फळीवर ही गाणी कधी शेजारी बसली नसती. घरात बसली. आणि अक्षर मामींचं होतं! मामा दुकानात गेले, पैसे दिले, कॅसेट आणली. निवड मामींची. चाळीस वर्षं 'शौकीन' म्हणून नाव मात्र मामांचं.

आता मामांच्या चुकीकडे परत या. संसार सुरू झाला ते साल १९७८, पण घरात बायकोच्या आवडीचं गाणं पहिल्यांदा वाजलं ते १९८२च्या पुढे. मामांनी दोन्ही आनंद एकाच मांडवात बसवले. हा माझा अर्थ आहे, सिद्धता नाही. प्रबंधातही मी तो अर्थ म्हणूनच लिहिला आहे. तुम्हीही असा फरक वाचकाला स्पष्ट दाखवा.

कॅसेट मी एकदाच वाजवली, संगणकावर उतरवून घेण्यासाठी. पहिल्या बाजूची गाणी सत्ताविसाव्या मिनिटाला संपली. मग खरखर, आणि अचानक एक म्हातारा आवाज ओवी म्हणताना. मध्येच थांबून "बंद कर रे ते," असं हसून म्हणणारा. माझी आजी! आधी तिचा आवाज भरला होता, पुढे कोरी कॅसेट विकत घ्यायला नको म्हणून तीच दुकानात दिली. गाण्यांनी आजी पुसली गेली, शेवटची अडीच मिनिटं सोडून. आईला ते ऐकवलं. ती काही बोलली नाही, पुन्हा लाव म्हणाली.

तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी

एक, जुनी कॅसेट हातात आली की आधी तिच्या मागच्या कडेवरच्या दोन्ही टिकल्या मोडा, म्हणजे चुकून काही पुसलं जाणार नाही. ओलसर किंवा बुरशी आलेली कॅसेट वाजवू नका, उन्हातही टाकू नका, जाणकाराकडे न्या.

दोन, बाजू शेवटपर्यंत ऐका. गाणी संपली म्हणजे साधन संपलं असं नसतं.

तीन, कंपनीची कॅसेट असेल तर कार्ड नीट वाचा. १९८४च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ५२अ हे कलम आलं, आणि निर्मात्याचं नाव-पत्ता, हक्कधारक, पहिल्या प्रकाशनाचं वर्ष छापणं बंधनकारक झालं. पण ते वर्ष त्या ध्वनिमुद्रणाचं असतं. तुमच्या हातातली प्रत कधी विकली गेली, ते त्यावरून कळत नाही.

चार, "त्यांना विचार, मला काय कळतंय" असं जे माणूस म्हणतं, त्याची मुलाखत आधी घ्या.

मसुदा मी पुन्हा लिहिला. प्रकरणाची सुरुवात आता लग्नाच्या मांडवात होत नाही. ती मामींच्या अक्षरातल्या यादीपासून होते. मामांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "साल तुझं बरोबर असेल गं. पण नाचलो होतो, एवढं नक्की." ते वाक्यही मी तळटीपेत ठेवलंय.