लास्ट नाइट ॲट द टेलिग्राफ क्लब

'लास्ट नाइट ॲट द टेलिग्राफ क्लब' ही अमेरिकन लेखिका मलिंडा लो यांनी युवा वाचकांसाठी लिहिलेली इंग्रजी ऐतिहासिक कादंबरी आहे. ती जानेवारी २०२१ मध्ये प्रकाशित झाली. १९५४ च्या सुमाराच्या सॅन फ्रान्सिस्को शहरातील चिनी-अमेरिकन विद्यार्थिनी लिली हू आणि तिची श्वेतवर्णीय वर्गमैत्रीण कॅथलीन मिलर यांच्यातील प्रेम हा तिचा विषय आहे.

लेखन
लो यांचा जन्म चीनमध्ये झाला व त्या बालपणीच अमेरिकेत आल्या. सिंड्रेलाच्या कथेची समलिंगी प्रेमाच्या अंगाने पुनर्मांडणी करणारी 'ॲश' (२००९) ही त्यांची पहिली कादंबरी होय. प्रस्तुत कादंबरीचे बीज 'ऑल आउट' (२०१८) या कथासंग्रहातील त्यांच्या 'न्यू इयर' या लघुकथेत आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी
चिनी मजुरांच्या प्रवेशाला बंदी घालणारा १८८२ चा अमेरिकी कायदा १९४३ मध्ये रद्द झाला व चिनी स्थलांतरितांना नागरिकत्व मिळू लागले. मात्र १९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट आल्यानंतर त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेतली जाऊ लागली. त्याच काळात समलिंगी व्यक्तींनाही राष्ट्रीय सुरक्षेस धोकादायक मानले जाई. १९५३ च्या अध्यक्षीय आदेशानुसार अनेकांना संघराज्य सरकारच्या सेवेतून काढण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीच भागात पुरुषवेषात गाणाऱ्या गायिकांचे कार्यक्रम होत. तेथील 'टॉमीज प्लेस' या स्त्रियांच्या मद्यगृहावर सप्टेंबर १९५४ मध्ये पोलिसांनी छापा घातला होता. कादंबरीतील क्लब मात्र काल्पनिक आहे.

कथानक
लिलीला अग्निबाण व अंतराळप्रवासाचे आकर्षण आहे, तर कॅथलीनला वैमानिक व्हायचे आहे. पुरुषवेषात गाणाऱ्या टॉमी अँड्र्यूजच्या जाहिरातीमुळे दोघींचे बोलणे सुरू होते आणि त्या चोरून टेलिग्राफ क्लबमध्ये जाऊ लागतात. इकडे, कम्युनिस्ट असल्याचा संशय असलेल्या एका तरुणाविरुद्ध जबाब देण्यास लिलीचे डॉक्टर वडील नकार देतात. त्यामुळे त्यांची नागरिकत्वाची कागदपत्रे जप्त होतात. क्लबवर छापा पडल्यावर लिलीचे गुपित घरी उघड होते. आई तिला सारे नाकारण्यास सांगते, परंतु लिली खोटे बोलत नाही. तिला पॅसाडिना येथे आत्याकडे पाठवले जाते. वर्षभरानंतर झालेल्या दोघींच्या भेटीने कादंबरीचा शेवट होतो.

आशय
येथे इतिहास केवळ प्रेमकथेची सजावट म्हणून येत नाही. वडील आणि मुलगी या दोघांपुढेही खोटे बोलून सुरक्षित राहण्याचा मार्ग खुला असतो आणि दोघेही तो नाकारतात. लिलीच्या बाबतीत याची किंमत अधिक आहे. कारण घराण्याची बदनामी झाली, तर आधीच संशयाखाली असलेल्या कुटुंबावर हद्दपारीचे संकट ओढवू शकते. त्यामुळे आईचा कठोरपणाही निव्वळ दुष्टपणा न ठरता भीतीतून आलेला दिसतो. आईवडील व आत्या यांच्या पूर्वायुष्यावरील प्रकरणे ही भीती स्पष्ट करतात. संवादांत चिनी लिपीतील शब्द असून त्यांचे अर्थ तळटीपांत दिले आहेत. अखेरच्या टिपणात लेखिकेने कादंबरीमागील इतिहास उलगडला आहे.

पुरस्कार
या कादंबरीला २०२१ चा युवा साहित्यासाठीचा अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये तिला स्टोनवॉल पुरस्कार व आशियाई/पॅसिफिक अमेरिकन साहित्य पुरस्कार मिळाले, तसेच प्रिंट्झ पुरस्कारासाठीच्या सन्माननीय ग्रंथांत तिची निवड झाली. 'अ स्कॅटर ऑफ लाइट' (२०२२) ही २०१३ मधील कॅलिफोर्नियात घडणारी तिची सहकादंबरी आहे.